कार्यालयीन प्रिंटरचा कागद : निवड, साठवण आणि भरणी

पावसाळा सुरू झाला की प्रिंटरविषयीच्या तक्रारी वाढू लागतात. कागद मध्येच अडकतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात, अक्षरे पुसट उमटतात. गोव्यातील एखाद्या कार्यालयात एक-चौदाच्या उताऱ्यासाठी सकाळची बस धरून आलेल्या शेतकऱ्यास मग 'यंत्र बिघडले आहे, उद्या या' असे ऐकावे लागते. यंत्र पुष्कळदा निर्दोष असते. दोष कागदाने शोषलेल्या ओलाव्याचा असतो.

कागद वनस्पतींच्या तंतूंचा बनलेला असल्यामुळे हवेतील बाष्प तो सतत शोषीत वा सोडीत असतो. कारखान्यातून निघताना त्यात साधारणतः ४ ते ६ टक्के पाणी असते. कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडी राहिलेली गड्डी लवकरच सर्द होते. लेसर प्रिंटरमध्ये टोनरची पूड विद्युत्भाराच्या साहाय्याने कागदावर ओढली जाते. सर्द कागदावर हा भार नीट टिकत नाही, म्हणून अक्षर फिके येते. पुढे ती पूड पक्की बसविण्यासाठी पान तापलेल्या रुळांमधून जाते. तेथील तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ओलाव्याची वाफ होते, पान सुरळीसारखे वळते आणि वाटेतच अडते.

म्हणून साठवणीस प्रथम महत्त्व द्यावयास हवे. गड्डीच्या वेष्टनास ओलावा रोखणारा थर असतो. कागद भरण्याची वेळ येईपर्यंत ते फोडू नये. उरलेली पाने त्याच वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावीत. लागून सुट्या आल्यास ट्रेमधील कागदही काढून ठेवणे इष्ट. गड्ड्या आडव्या, लाकडी फळीवर आणि भिंतीपासून चार बोटे दूर असाव्यात, कारण चिऱ्याची भिंत व फरशी पावसाळ्यात ओल धरतात. वातानुकूलित खोलीत आणलेली गड्डी एक दिवस तशीच बंद ठेवून मग उघडावी.

खरेदीत केवळ कमी दर पाहणे महागात पडते. हलक्या कागदाची धूळ रुळांवर बसते, आणि दुरुस्तीचा खर्च पुन्हा सादिलवारातूनच करावा लागतो. वजनाची पडताळणी कोणासही करता येईल. ए-४ आकाराची १६ पाने मिळून एक चौरस मीटर होते. यास्तव ८० ग्रॅमी कागदाचे एक पान ५ ग्रॅम आणि ५०० पानांची गड्डी सुमारे अडीच किलो भरली पाहिजे. ७० ग्रॅमीची गड्डी सुमारे २ किलो २०० ग्रॅम भरते. किराणा दुकानाच्या काट्यावरही हा फरक कळतो. मागणीपत्रात भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४४९० या मानकाचा उल्लेख करावा. कायम जतन करावयाच्या अभिलेखांसाठी मात्र आम्लमुक्त कागदच घ्यावा. आम्लयुक्त कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो.

भरणीपूर्वी गड्डी पंख्यासारखी फिरवून पाने सुटी करावीत, कडा ठोकून सारख्या कराव्यात व ट्रेमधील खुणेच्या वर कागद जाऊ देऊ नये. बाजूच्या पट्ट्या कागदास जेमतेम टेकाव्यात. वेष्टनावर बाण असल्यास तो प्रथम छापावयाची बाजू दर्शवितो. काटकसरीसाठी पाठकोरा कागद वापरताना टाचणी राहिली नाही ना, हे पाहावे. अडकलेले पान दोन्ही हातांनी, शक्यतो कागद जातो त्याच दिशेने, सावकाश ओढावे. फाटल्यास तुकडे जुळवून पान पुरे होते की नाही ते तपासावे, कारण आत राहिलेल्या कपट्यावर पुढचे पान पुन्हा अडते.