शस्त्रकर्मोत्तर आर्तवविकृती : चिकित्सेपूर्वी करावयाचा विचार

शस्त्रकर्मानंतर पाळी लांबणे, अवेळी अंगावर जाणे किंवा एकाएकी अंगाची लाही होणे, अशा तक्रारी घेऊन रुग्णा वैद्यांकडे येतात. लक्षणे मिळतीजुळती वाटली तरी त्यांची कारणे भिन्न असतात. म्हणून हेतुविचार प्रथम करावा.

१) तात्पुरता बदल : शस्त्रकर्माच्या आघाताने शरीरात कॉर्टिसॉल व प्रोलॅक्टिन वाढतात, अंडाशयाला चालना देणारे संकेत मंदावतात आणि इस्ट्रोजेन सुमारे ५ दिवसांपर्यंत घटलेले राहू शकते. यात भुलीच्या औषधापेक्षा शस्त्रकर्माच्या व्याप्तीचा वाटा मोठा असतो. कटिप्रदेशातील शस्त्रकर्मात एपिड्युरल भुलीने वेदनासंकेत अडविल्यास कॉर्टिसॉलची वाढ कमी होते. आयुर्वेददृष्ट्या हा अपानवायूचा क्षोभ मानता येईल. या काळातील संप्रेरक-तपासणीवरून निदान करू नये. विश्रांती, लघु आहार व अग्निरक्षण यांवर भर द्यावा.

२) स्थायी बदल : दोन्ही अंडाशये काढल्यास इस्ट्रोजेन काही दिवसांतच रजोनिवृत्तीच्या पातळीवर उतरते. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, परंतु अंडाशयांचे कार्य चालू राहते. मात्र रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. रुग्णा मात्र दोन्ही प्रसंगी ‘पिशवी काढली’ एवढेच सांगते. म्हणून डिस्चार्ज कार्ड अवश्य पाहावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रकर्मांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा तरुण वयातील अशा शस्त्रकर्मांचे गांभीर्य सर्वांना जाणवले. पंचेचाळिशीपूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रीस अस्थिक्षय व हृद्रोगाचा धोका वाढतो. तिला केवळ शतावरीकल्पावर न ठेवता संप्रेरक-चिकित्सेच्या निर्णयासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शस्त्रकर्म स्तनाच्या कर्करोगामुळे झाले असल्यास संप्रेरकसदृश क्रिया संभवणारी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीविना देऊ नयेत.

३) गर्भनिरोधक गोळ्या : भुलीच्या शेवटी स्नायुशैथिल्य दूर करण्यासाठी सुगामाडेक्स दिले असल्यास ते प्रोजेस्टोजेनला बांधून गोळीचा प्रभाव कमी करते. त्याच दिवशी गोळी घेतली असली तरी एक गोळी चुकली असे समजावे. संप्रेरकयुक्त इंजेक्शन वा अन्य साधन वापरणाऱ्या स्त्रीने पुढील ७ दिवस निरोधसारखे संप्रेरकरहित साधन जोडीस वापरावे.

औषधविक्रेत्यांस विनंती, की शस्त्रकर्मानंतर पाळी चुकली म्हणून कोणी रजःप्रवर्तिनी वटी मागितल्यास ती चिकित्सकाच्या चिठ्ठीविना देऊ नये. वैद्यांनीही गर्भधारणेची तपासणी केल्यावाचून आर्तवप्रवर्तक कल्प योजू नयेत. लांबलेली पाळी शस्त्रकर्मामुळेच लांबली, हे गृहीत धरणे गर्भ व माता दोघांनाही घातक ठरू शकते.