दवाखान्यातील रुग्णाची कवळी

काही वर्षांपूर्वी मेहकर तालुक्यातील माझ्या आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना बाहेरगावच्या दवाखान्यात भरती केले. मी सहाव्या दिवशी भेटायला गेलो. त्यांची वाचा गेलेली, अंगात ताप, तोंडाला दुर्गंधी. मी दातांचा डॉक्टर. हळूच त्यांची कवळी काढून पाहिली, तर खाली सहा दिवसांच्या वरणभाताचा थर आणि टाळू कुंकवासारखी लाल! परिचारिकांना दात खरेच वाटले. घरच्यांना वाटले, परिचारिका काढत असतील. आत्याबाईंना सांगता येत नव्हते. ती कवळी मीच बसवून दिली होती आणि भरती केल्यावर फोनवर दहा गोष्टी विचारल्या, पण कवळीचे विचारले नाही. ताप कवळीमुळेच आला असे मी म्हणणार नाही. पण ती घाण आपण टाळू शकलो असतो, हे नक्की.

वाचकहो, कवळी ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची असते. त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यात जंतू व कॅन्डिडा नावाची बुरशी घर करते. मधुमेह असेल, प्रतिजैविके चालू असतील किंवा तोंड कोरडे पडत असेल, तर बुरशी लवकर वाढते. टाळू लाल होते, आग होते, रुग्ण जेवत नाही. शिवाय झोपेत तोंडातील लाळ थोडीथोडी श्वासनलिकेत उतरते आणि तिच्याबरोबर जंतूही फुप्फुसात जातात. जपानमध्ये टोकियो येथे ८५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ५०० हून अधिक वृद्धांची ३ वर्षे पाहणी झाली. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून रुग्णासोबत राहणाऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात.

१) भरती करतानाच डॉक्टरांना व परिचारिकेला सांगावे, ‘यांना कवळी आहे.’ घरून झाकणाची प्लास्टिकची डबी न्यावी. तिच्यावर चिकटपट्टी लावून रुग्णाचे नाव लिहावे. कवळी कागदात किंवा रुमालात गुंडाळून उशाशी ठेवू नये. ती केरात जाते, नाहीतर चादरीबरोबर धुलाईला जाते.

२) प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून पाण्याने धुवावी. रुग्णानेही चूळ भरावी. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो. तो पाहून काढावा.

३) दिवसातून एकदा मऊ ब्रश व साध्या साबणाने कवळी आतून-बाहेरून घासावी. टूथपेस्ट, राखुंडी, मिसरी नको. त्यांनी चरे पडतात आणि चऱ्यात जंतू बसतात. घासताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. उकळते पाणी वापरू नये. कवळी वाकडी होते. फिनेल, डेटॉल तर नकोच.

४) रात्री कवळी काढून साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवावी. पाणी रोज बदलावे. आपल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडील खारपाण पट्ट्यात पाणी खारे असते. तेथे शक्य तर पिण्याचे गोडे पाणी वापरावे, म्हणजे कवळीवर पांढरा थर धरत नाही.

५) कवळी स्वच्छ केली म्हणजे काम संपले असे नाही. ओल्या, स्वच्छ कापडाने हिरड्या, टाळू व जीभ पुसावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर हे काम परिचारिकेला विचारूनच करावे; तोंडात पाणी मुळीच ओतू नये.

६) शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी, तसेच रुग्ण बेशुद्ध झाल्यास, कवळी काढून घेतलीच पाहिजे. एक-दोन दातांची सुटी कवळी तर हमखास विसरली जाते आणि तीच घशात अडकण्याचा धोका असतो.

टाळू लाल दिसली तर डॉक्टरांना दाखवावी. बुरशीचे औषध तोंडाला दिले आणि कवळी तशीच घाण ठेवली, तर आजार परत येतो. आजारपणात वजन उतरले की कवळी ढिली होते. ती घरी कानशीने घासू नये, फेविक्विकने जोडू नये. दंतवैद्याकडून नीट करून घ्यावी.

आत्याबाई पुढे घरी आल्या. महिनाभराने त्यांनी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर खाल्ली. आता माझ्याकडे कोणी नवी कवळी न्यायला आले, की मी सोबतच्या मुलाला किंवा सुनेला आत बोलावतो, कवळी काढायला व घालायला शिकवतो आणि त्यांच्याकडून एकदा करवून घेतो. आपल्या घरी कवळी वापरणारे कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसून हे शिकून घ्या. दवाखान्यात गेल्यावर त्यांना सांगता येईलच असे नाही.