डबा पंधरा लिटरचा की पंधरा किलोचा?

प्रश्न : सोयाबीन तेलाच्या दोन डब्यांपैकी कमी किमतीचा डबा खरोखर स्वस्त असतो का? (एक वाचक, जळकोट, जि. लातूर)

उत्तर : लातूर जिल्हा सोयाबीनसाठी ओळखला जात असला, तरी तेथेही तेल घरात येते ते बहुधा डब्यातून वा पिशवीतून, आणि फसगत होते ती मापाच्या एककात. तेल पाण्याहून हलके असल्याने एका लिटरचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलोच तेल असते आणि नुसती किंमत पाहणाऱ्याच्या नजरेतून सव्वा किलोहून अधिक तेलाचा फरक निसटतो. ९१० ग्रॅमऐवजी ८५० ग्रॅम भरलेली पिशवीही दिसायला तशीच असते. हे बेकायदा नसले तरी सरळही म्हणता येत नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार निव्वळ प्रमाण, म्हणजे वेष्टन वगळून आतील मालाचे माप, छापणे बंधनकारक असल्याने किमतीला त्या वजनाने भागून किलोचा दर काढावा. कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्याहून जास्त रक्कम मागितल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.