पोल्ट्रीतल्या माश्या: पंप उचलण्याआधी खताचा ढीग बघा

व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

आंबिवली-टिटवाळा पट्ट्यात लेयर शेड चालवायचं तर कोंबड्यांच्या रोगाइतकीच धास्ती शेजाऱ्यांच्या तक्रारीची. पूर्वी आजूबाजूला भातशेती होती, आता इमारती आहेत. ताटावर माशी बसली की अर्ज तुमच्याच नावाने जाणार. ५००० च्या वर पक्षी असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते. म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

आपण काय करतो? औषध आणतो आणि शेडभर मारतो, खतावरसुद्धा. (डायक्लोरोव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुनी बाटली पडून असली तरी वापरायची नाही.) दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

कारण खतात फक्त माशीच्या अळ्या नसतात, त्यांना संपवणारेही असतात. बारीक तांबूस माइट माशीची अंडी खातात. स्पॅलँजिया नावाची मुंगीएवढी काळी गांधीण माशीच्या कोषात आपलं अंडं घालते, आतून माशी बाहेरच येत नाही. ही गांधीण माणसाला डसत नाही. आता हिशोब बघा. उकाड्यात माशी अंड्यापासून ८-१० दिवसांत उडते. या गांधिणीच्या एका पिढीला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. औषधाने दोघीही मेल्या, तर आधी परत कोण येणार?

सगळं खत एका दिवसात खरवडून काढलं तरी हेच होतं. असं चकाचक शेड दिसलं की मीही पूर्वी शाबासकी द्यायचो! आता सांगतो, एकाआड एक रांग काढा आणि खाली चार-सहा इंच जुना कोरडा थर राहू द्या. नव्या खतात हे मित्रकीटक तिथूनच चढतात. औषध वापरायचंच असेल तर आमिष म्हणून, माश्या बसतात त्या खांबांजवळ टांगा. खतावर नको.

पण खत ओलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. माशीला ओल लागते. रोज सकाळी निपलच्या रांगेखालून चालत जा, गळका निपल त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात पाणी आत आलं आणि खताचा चिखल झाला, तर मित्रकीटकांची वाट बघत बसू नका. तेवढा चिखल काढा, शेडपासून लांब प्लास्टिकखाली घट्ट झाका.

तुमच्या शेडमध्ये गांधीण आहे का, हे फुकटात कळतं. खताच्या कडेचे २५-३० तपकिरी कोष बरणीत ठेवा, तोंडाला दाट विणीचं कापड बांधा. महिन्याने उघडा. कोषाचं टोक झाकणासारखं उडालेलं असेल तर माशी निघाली. कोषाला बारीक गोल भोक असेल तर गांधीण निघाली. अशी भोकं दिसली, तर पंप खाली ठेवा.