तेंदूपत्त्याच्या हिशेबात चुकांची वही

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा आणि शेकडा पुड्यांमागे ठरलेला दर, हा हिशेब पूर्वी फळीवरचा दिवाणजी वहीत मांडी. आता मजुरी बँक खात्यात जमा करायची तर फळ्यांच्या याद्या संगणकावर एकत्र कराव्या लागतात. हे काम अंगावर घेणाऱ्या आमच्या तरुण वाचकांसाठी यादीतील चुकांविषयी थोडे लिहीत आहोत.

यादी चुकणारच. आयएफएससी कोडचे पाचवे अक्षर शून्य असते. घाईत तेथे इंग्रजी 'ओ' टाइप होतो. एक्सेलमध्ये खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. देना बँक २०१९ साली बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली व १ मार्च २०२१ पासून तिचे जुने कोड बंद झाले; जुन्या पासबुकावरून उतरवलेली ओळ आता निकामी.

अशा ओळीवर प्रोग्राम बंद पडला, तर एकापायी सबंध फळीची मजुरी अडते. प्रोग्रामने ती ओळ गुपचूप गाळली, तर ते आमच्या मते अधिक वाईट. कारण मजूर पैसे मागायला येईपर्यंत कोणाला पत्ताच लागत नाही. सदर ओळ बाजूला काढून चुकांच्या वहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहावी: फळी, फाइल, ओळीचा क्रमांक, वेळ आणि नेमके कारण. नुसते 'एरर' लिहून काय कळणार? खाते क्रमांकाचे मात्र शेवटचे चार अंक पुरेत.

बँकेला यादी पाठवताना नेटवर्क तुटणे ही निराळी अडचण. येथे यादीचा दोष नाही. तथापि पैसे गेले की नाही हे ठाऊक नसता पुन्हा पाठवले, तर मजुरी दोनदा जाऊ शकते. म्हणून प्रत्येक रकमेला स्वतंत्र क्रमांक द्यावा, आधी त्याची स्थिती तपासावी, मगच पुन्हा पाठवावे.

२०१७ च्या राज्य कर्जमाफीत बँकांच्या याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला आणि वाटप रेंगाळले. अशी तपासणी यादी आत घेतानाच व्हावी.

रोज रात्री मेळ घालावा. समजा ३१२ ओळी आल्या, ३०५ गेल्या, तर बाजूला ७ च निघाल्या पाहिजेत. पुड्यांची बेरीजही तशीच जुळावी. ती सात नावे कारणांसह दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पोहोचवावीत. मजूर पुडे घेऊन येतात, तेव्हा पासबुक तेथल्या तेथे पाहता येते.