पत्र कोणाच्या हवाली?

मजकुरातील ई-मेल पत्त्यावर क्लिक करावे आणि भलताच प्रोग्राम उघडावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्या प्रोग्राममध्ये आपले खाते नोंदविलेले नसेल, तर पत्र रवाना होत नाही. दोष पत्त्याचा नव्हे. अशा पत्त्यामागे ‘मेलटू’ हा संकेत असतो. तो कोणत्या प्रोग्रामच्या हवाली करावयाचा, याची नोंद संगणक ठेवतो. ही नोंद बदलता येते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’ या क्रमाने जाऊन ‘मेलटू’ शोधावे व आपला नेहमीचा प्रोग्राम निवडावा. पत्रव्यवहार ब्राउझरमधून होत असल्यास येथे ब्राउझर निवडून, त्यातही आपल्या ई-मेल सेवेस तशी अनुमती द्यावी. शेवटी पुन्हा क्लिक करून खात्री करून घ्यावी.