बातमी वेगळी, कायदा वेगळा

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कापडबाजारात एकच बोली होती : पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर सगळी खरेदी उत्पन्नात धरली जाणार. कोणी माल परत पाठविला, कोणी नवी मागणी थांबविली. आम्हीही घाबरलो. एका मोठ्या गिरणीचे बिल व्याजाने पैसे उचलून चुकते केले आणि एका लहान यंत्रमागवाल्याचे बिल, "तो आपलाच माणूस, थांबेल" म्हणून एप्रिलनंतर ढकलले. पुढे कायदा हाती घेतला तेव्हा कळले की नेमके उलटे करायला हवे होते. मोठ्या गिरणीला तो नियम लागूच नव्हता आणि लहान मागवाल्याची रक्कम आमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळविली गेली.

म्हणून आज कायदा कुठे आणि कसा वाचावा याचा हा छोटा पाठ. कोर्टाच्या किंवा मोठ्या वकिलाच्या ग्रंथालयातला ग्रंथपाल कधी नुसते पुस्तक काढून देत नाही. तो आधी विचारतो : कोणत्या तारखेचा कायदा हवा? त्याच्याकडच्या जुन्या प्रतींमध्ये दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटविलेल्या असतात. आपण व्यापारी मात्र कोणत्या साली छापले ते न पाहता पुस्तक विकत घेतो आणि दहा वर्षे तेच वापरतो.

वरचेच प्रकरण घेऊ. मूळ नियम २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर त्यातली मुदत, पण ती ४५ दिवसांपलीकडे नाही. साठ दिवसांचा करार लिहून घेतला तरी तो पंचेचाळीसच धरला जाणार. दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल हाती आल्यापासून मोजायचे. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी तक्रार केली असेल तर ती मिटल्यापासून. तोंडी तकरार इथे कामाची नाही.

हा कायदा सतरा वर्षे होताच, पण २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ बी मध्ये (एच) हा खंड घातला, तेव्हा सगळे जागे झाले. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. १० मार्चला माल घेतला, ४५ दिवसांचा करार असला आणि २४ एप्रिलपर्यंत पैसे दिले तर अडचण नाही. २५ एप्रिलला दिले तर मागच्या वर्षातला खर्च गेला, तो पुढच्या वर्षात मिळेल. हे फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बिलांना लागू आहे, मध्यम व मोठ्यांना नाही. मजुरीवर विणणारा, भरतकाम करणारा कारागीरही नोंदणी असेल तर यात येतो, कारण कायद्यात मालाबरोबर सेवाही आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि ते व्याज खर्चात मिळत नाही.

आपण व्यापाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती आम्हाला फार लागली. २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या कार्यालयीन पत्राने घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना नोंदणी दिली, पण लाभ फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता. म्हणजे मागवाल्याला आम्ही वेळेवर द्यायचे, आणि दुकानदार आम्हाला सहा महिने फिरवील तेव्हा हा कायदा आमच्या मदतीला नाही! नोंदणीचा दाखला भिंतीवर लावून बसलेल्यांनी ते पत्र वाचावे.

आता मर्यादा. सूक्ष्म उद्योगाची उलाढाल २०२० पासून ५ कोटींपर्यंत होती, १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. लघुची ५० वरून १०० कोटी. यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा त्याशिवाय. तेव्हा काल मध्यम असलेला पुरवठादार आज लघु असू शकतो. जुनी यादी उपयोगाची नाही.

बातमीवर विसंबल्याचे आणखी एक उदाहरण सर्वांच्या आठवणीत असेल. कापडावर १२ टक्के जीएसटीची अधिसूचना १८ नोव्हेंबर २०२१ ला निघाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू होणार होती. ३१ डिसेंबरला ती कापडापुरती थांबली. चपला-बुटांचे १२ टक्के तसेच राहिले. ज्यांनी फक्त पहिली बातमी वाचून दरपत्रके छापली, त्यांची छपाई फुकट गेली. चपलांच्या धंद्यातल्यांनी दुसरी बातमी अर्धी वाचली, त्यांचेही चुकले.

मग वाचायचे कुठे? कायद्याचा मजकूर सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर दुरुस्तीसह फुकट मिळतो. अधिसूचना राजपत्रात येते. केंद्राचे राजपत्र १ ऑक्टोबर २०१५ पासून छापले जात नाही, संगणकावरच निघते. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३ पासून 'ई-एससीआर'वर विनामूल्य आहेत, काहींचे मराठी भाषांतरही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, तरी ते मराठी समजते. इंग्रजी वाचताना मुलाला शेजारी बसवावे लागते.

निवाड्याचीही तारीख पाहावीच. करारापूर्वी नोंदणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणी म्हटले. १० जानेवारी २०२५ ला एनबीसीसी प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाने वेगळे मत दिले आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठविला. तेव्हा २०२१ चा कागद दाखवून कोणी "तुमची तकरार चालतच नाही" म्हणाला तर घाबरून हक्क सोडू नका. मोठ्या खंडपीठाचे काही आले आहे का, ते वकिलाला तपासायला सांगा.

आणि कलमांचे क्रमांकही आता बदलले आहेत. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. ४३ बी हा आकडा जुन्या वर्षांच्या नोटिशींतच येईल. आम्ही आमच्या खतावणीच्या पहिल्या पानावर दोन रकाने पाडले आहेत : कायद्याची तारीख, आणि आम्ही तो शेवटचा पाहिला ती तारीख.